अंगणातली शाळा

एका बापाचा प्रश्न

रात्रीचा वर्ग सुटला होता. बाहेर पाऊस होता, म्हणून बाया वह्या पदराखाली झाकून निघाल्या. एक जण मात्र मागे राहिला.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार की."

"माझी धाकटी चार वर्षांची झाली. रोज अंगणवाडीत जाते. पण तिला अजून 'अ' काढता येत नाही. काय केलंस विचारलं तर सांगते, चिंचोके खेळलो, गाणं म्हटलं, खिचडी खाल्ली. मग ती तिथं शिकते काय? तालुक्याच्या गावाला इंग्रजी केजी आहे. तिथली पोरं एवढ्या वयात वहीच्या वही भरून लिहितात. तिथं घालू का तिला? पैशाचं मी बघेन कसंतरी."

प्रश्न खरा होता. 'पैशाचं कसंतरी बघणं' म्हणजे काय, हे आपल्या मोखाडा-जव्हार भागात कुणाला समजावून सांगायला नको. बकरी विकायची, नाहीतर वीटभट्टीच्या शेठकडून जास्त उचल घ्यायची. उचल घेतली की ती फेडेपर्यंत भट्टी सुटत नाही. म्हणजे चार वर्षांच्या पोरीच्या 'अ'साठी सगळे घर बांधले जायचे. म्हणून त्याला दोन शब्दांत उत्तर देणे मला बरे वाटले नाही. हा पाठ म्हणजे त्याला दिलेले सावकाश उत्तर आहे.

माझी चूक

मी त्याला आधी उलटा प्रश्न केला. "तू शाळेत किती दिवस गेला होतास?"

तो हसला. "तीन दिवस. तुमच्याच शाळेत, गुरुजी. तुम्हाला आठवत नसेल."

मला आठवत नव्हते. त्याने सांगितले तेव्हा आठवले. त्याची आजी त्याला हाताला धरून घेऊन आली होती. वय पाच-साडेपाच असेल. मी त्याच्या हातात पाटी दिली आणि 'ग' काढ म्हटले. त्याच्याने निघेना. पेन्सिल मुठीत धरली होती. मी बोटांवर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला उभे केले. मधल्या सुट्टीत तो मागच्या करवंदीच्या जाळीतून जो पळाला, तो शाळेत परत आलाच नाही. पुढे गुरांमागे गेला, मग भट्टीवर. आता चाळिशीला आल्यावर तोच 'ग' माझ्याच पुढे बसून शिकला.

मंडळी, मी दुष्ट माणूस नव्हतो. पोर शिकावे असेच मला वाटत होते. पण पोराच्या हाताला काय झेपते आणि त्याच्या मनात काय चालले आहे, हे मी पाहिले नाही. मी माझा धडा पाहिला, पोर पाहिले नाही. ही चूक माझ्यासारख्या पुष्कळ मास्तरांनी केली. म्हणूनच, ज्या माणसांनी आधी पोराकडे पाहिले त्यांची गोष्ट तुम्हाला माहीत हवी. त्यांतल्या दोन बाया तर आपल्याच जिल्ह्यात राहून काम करून गेल्या.

केजी म्हणजे काय?

आधी 'केजी' हा शब्द घेऊ. हा शब्द जर्मनी देशातला आहे. तिथे फ्रोबेल नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी एक शाळा काढली. पुढे १८४० साली तिला त्यांनी 'किंडरगार्टन' हे नाव दिले. किंडर म्हणजे मुले. गार्टन म्हणजे बाग. केजी म्हणजे मुलांची बाग!

फ्रोबेल म्हणत, मूल हे रोपासारखे आहे. माळी रोपाला ओढून उंच करीत नाही. तो माती भुसभुशीत करतो, पाणी घालतो, ऊन येऊ देतो. वाढायचे काम रोप आपले आपण करते. त्यांच्या शाळेत मुले लाकडी ठोकळ्यांशी खेळत, गाणी म्हणत, बागेत काम करीत.

म्हणजे गंमत पाहा. ज्या केजीत आज पोरांकडून पाने भरून घेतात, त्या केजीचा मूळ अर्थच खेळायची बाग असा आहे.

दुसरी गोष्ट इटली देशातली. रोम शहरात एक गरीब मजुरांची वस्ती होती. आईबाप कामाला जात. मागे राहिलेली पोरे जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करीत. इमारतीच्या मालकांनी त्यांच्यासाठी एक खोली दिली आणि मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंना ती चालवायला सांगितली. ते साल होते १९०७. बाईंनी मुलांना शिकवायची घाई केली नाही. आधी नुसते पाहिले. मुलांच्या मापाची लहान टेबले, लहान खुर्च्या केल्या. हाताने हाताळायच्या वस्तू ठेवल्या. लहान-मोठे ठोकळे, खरखरीत आणि गुळगुळीत पाट्या. ज्याला जे आवडेल ते त्याने उचलावे आणि मन भरेपर्यंत करावे. ज्यांना लोक उनाड म्हणत होते, ती पोरे तास-तास एका जागी मन लावून काम करू लागली. मजुरांचीच पोरे होती ती, आपल्या भट्टीवरच्या पोरांसारखी.

हा विचार आपल्या देशातही आला. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर काढले. तिथे मार नव्हता, धाक नव्हता. गोष्टी होत्या, गाणी होती, सहली होत्या. लोक कौतुकाने त्यांना 'मिशावाली आई' म्हणत.

बोर्डीच्या दोन बाया

याच गिजुभाईंबरोबर काम करायला १९२३ साली एक मराठी बाई भावनगरला गेल्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्या १८९२ साली जन्मल्या. बी.ए. झालेल्या होत्या. त्या काळी बाईने बी.ए. होणे ही लहान गोष्ट नव्हती. १९२६ साली या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालवला.

पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. ही चांगली शाळा शहरातल्या, पैसेवाल्या पोरांनाच मिळते. खेड्यातल्या पोरांचे काय? म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आपला पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंची गोष्ट या वर्गातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्या १९१० साली जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत कपाळाचे कुंकू गेले. पण त्या रडत बसल्या नाहीत. शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात दिवसा शिकवीत आणि रात्रीच्या शाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या. पुढे तर वयाची पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या! तेव्हा "आता या वयात काय शिकायचं?" असे म्हणायची सोय त्यांनी आपल्याला ठेवलेली नाही.

शाळा पोराकडे गेली

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. गावातली बरी पोरे येऊ लागली. पण गरिबांच्या आणि आदिवासींच्या वस्तीतली पोरे येईनात. का येईनात? कुणाच्या अंगावर कपडा नव्हता. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड होते. आईबाप मजुरीला गेले की घर सांभाळायचे तेच.

आमच्यासारख्या मास्तराने काय केले असते? हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिले असते. या दोन बायांनी तसे केले नाही. पोर शाळेत येत नसेल तर शाळेने पोराकडे जावे, असे त्यांनी ठरवले. त्या वस्तीत गेल्या. कुणाचे तरी अंगण झाडले आणि तिथेच शाळा भरवली. पोरांना न्हाऊ घातले, नखे काढली, केस विंचरले. मग गाणी, गोष्टी, खेळ. कडेवरचे भावंडही तिथेच एका बाजूला झोपले.

अंगणात भरते ती अंगणवाडी. आज हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात बोलतात. तो शब्द आपल्या डहाणूच्या बाजूच्या गरिबांच्या अंगणातून निघाला आहे.

मॉन्टेसरीबाईंची साधने महाग होती. खेड्यात ती कुठून आणायची? ताराबाई आणि अनुताईंनी आजूबाजूला पाहिले. चिंचोके, शंख-शिंपले, पाने, फुले, बिया, खडे, माती. सगळे फुकट. शिवाय पोरांच्या ओळखीचे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली पोरांसाठी त्यांनी आणखी एक युक्ती केली. थोडी मोठी पोरे गुरे चारायला जात. गुरे सोडून शाळेत या, असे कसे सांगणार? मग शाळाच गुरांमागे कुरणात गेली. गुरे चरत आहेत, पोरे झाडाखाली शिकत आहेत. तिचे नाव कुरणशाळा. आणखी एक केले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला विकासवाडी म्हणत. मोठी बहीण शाळेत बसे, मधला बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. धाकट्यासाठी मोठीची शाळा बुडायला नको, हा त्यातला हेतू.

सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताई पुढे कोसबाडलाच काम करीत राहिल्या. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्याही गेल्या.

आजची अंगणवाडी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पहिल्यांदा फक्त ३३ ठिकाणी होती. आज गावोगाव, पाड्यापाड्यावर आहे. अंगणवाडीत पोराला खाऊ मिळतो, वजन होते, लस मिळते. गरोदर बाईची आणि अंगावर पाजणाऱ्या आईची तिथे नोंद होते. आणि तीन ते सहा वर्षांच्या पोराला शाळेआधीचे शिक्षण मिळते.

पुष्कळ लोकांना खाऊ तेवढा दिसतो. खाऊ लहान गोष्ट नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरे कुपोषणाने गेली, ते आपण कसे विसरू? भुकेले पोर खेळत नाही आणि न खेळणारे पोर शिकत नाही. पण अंगणवाडी ही खिचडीची जागा एवढीच नव्हे. ती पोराची पहिली शाळा आहे.

खरे तेही सांगतो. सगळ्याच अंगणवाड्या अशा चालत नाहीत. कुठे सेविका नोंदी करून करून दमते. कुठे एकाच खोलीत धान्याची पोती, वजनकाटा आणि पोरे. कुठे पोरे हाताची घडी घालून गप्प बसवलेली. भिंतीवर रंगीत चित्रे आहेत, पण खेळायला हातात काही नाही. ताराबाई पाहायला आल्या असत्या तर त्यांनी आधी पोरांच्या हाताच्या घड्या सोडवल्या असत्या.

खेळात काय शिकते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ती पोरगी तिथे करते काय?

तीन-चार वर्षांच्या पोराच्या मनगटातली सगळी हाडे अजून तयार झालेली नसतात. ती हळूहळू होतात. बोटांत ताकदही हळूहळू येते. म्हणून पोर पेन्सिल मुठीत धरते. तो त्याचा हट्ट नव्हे, ते त्याचे वय आहे. मला हे माहीत असते तर ती पट्टी उठली नसती. मातीचे गोळे वळणे, मणी ओवणे, पाने फाडून चिकटवणे, वाळूत बोटाने रेघा काढणे यांनी तोच हात तयार होतो. मग सहाव्या वर्षी 'अ' चार दिवसांत येतो.

चिंचोके खेळताना पोर लहान-मोठे वेगळे करते, जोड्या लावते, तुला पाच मला पाच असे वाटते. हेच गणित.

गोष्ट ऐकून ती परत सांगते तेव्हा शब्द वाढतात. उद्या पुस्तक वाचायचे ते याच शब्दांच्या जोरावर. गोष्ट आधी घरच्या बोलीत असावी. कुणाच्या घरी वारली बोलतात, कुणाच्या कोकणी, कुणाच्या ठाकरी, कुणाच्या कातकरी. पोराची बोली म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन. त्यावर उभे राहून ते मराठीकडे हात पुढे करते आणि मग इंग्रजीकडेही. देशाचे २०२० सालचे शिक्षण धोरणही हेच म्हणते. तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा समजावा, खेळातून शिकवावे आणि जमेल तिथे घरची भाषा वापरावी.

बोहाड्याची सोंगे पाहून पोरे पळसाच्या पानाचे मुखवटे करून नाचतात. आपण त्यांना हाकलतो. पण त्यात क्रम लक्षात ठेवणे आहे, ठेका आहे, सगळ्यांनी मिळून करणे आहे. माणसाच्या मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांत होते. या वर्षांत पोर डोळ्यांनी, हातांनी, पायांनी शिकते. पाटीवरून ते नंतर शिकते.

आपण राब भाजतो, रोप करतो, मग लावणी करतो. बोटभर रोप उपटून चिखलात लावले म्हणून कणीस लवकर येत नाही. रोप मात्र जाते.

आपण काय करावे?

एक. तीन वर्षांचे झाले की पोराला रोज अंगणवाडीत पाठवा. अधूनमधून पाठवले की ते रुळत नाही.

दोन. घरी आल्यावर "काय लिहिलंस?" असे विचारू नका. "काय खेळलीस? कुठली गोष्ट ऐकलीस?" असे विचारा आणि शेवटपर्यंत ऐका.

तीन. सेविकाताईंना सामान द्या. चिंचोके, सागरगोटे, गुळगुळीत खडे, नागली-वरईचे मूठभर दाणे, बांबूच्या कामट्या. एखादा दिवस आजीने जाऊन गोष्ट सांगावी. एखाद्याने तारपा वाजवून पोरांना फेर धरायला लावावा. मात्र बारीक दाणे आणि बिया पोरे नाकात-तोंडात घालतात. जवळ मोठे माणूस हवेच.

चार. दिवाळीनंतर भट्टीवर जाताना सेविकाताईंना सांगून जा. पोराचे लसीचे कार्ड बरोबर घ्या. जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत पोराचे नाव सांगा. पोर बाहेरगावचे आहे म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

पाच. मारू नका. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. शाळेत मुलाला मारणे किंवा त्याच्या मनाला लागेल असे वागवणे त्या कायद्याने बंद केले आहे. कायदा शाळेपुरता आहे. घरातला कायदा आपणच करायचा.

सहा. अंगणवाडी नीट चालत नसेल तर घरी बसून बोलू नका. पालकांच्या बैठकीत बोला, ग्रामसभेत बोला. आता तुम्हाला अर्ज लिहिता येतो. लिहा.

पुढे काय झाले?

त्या बापाला मी म्हटले, "केजीत घालायचं का नाही, ते तू ठरव. पण आधी एक सकाळ अंगणवाडीच्या दारात बस आणि नुसता बघ. बोलू नकोस."

तो बसला. दुसऱ्या दिवशी वर्गात आला तेव्हा मला म्हणाला, "गुरुजी, तिनं नदीतले खडे आणले होते. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले. एक चुकला तो उचलला, परत लावला. कुणी सांगितलं नाही. ताई नुसत्या बघत होत्या."

मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "मला असं कुणी लावू दिलं असतं तर मी पळालो नसतो."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला फळ्यावर त्याच्या लेकीचे नाव लिहायला सांगितले. त्याने ते नीट लिहिले. बकरी अजून त्याच्या दारात आहे. पोरगी अंगणवाडीत जाते. आणि तो अजूनही मधूनच विचारतो, "गुरुजी, 'अ' कधी?" मी सांगतो, "येईल. तुझ्यापेक्षा पुष्कळ लवकर येईल."

विचार करा आणि सांगा

१. 'केजी' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
२. बोर्डीच्या वस्तीतली पोरे शाळेत का येत नव्हती? ताराबाई आणि अनुताईंनी काय केले?
३. कुरणशाळा म्हणजे काय? तुमच्या पाड्यावर ती आज कशी करता येईल?
४. तुम्ही लहानपणी शाळा का सोडली, किंवा शाळेत का गेला नाही? पाच ओळी लिहा.

करून पाहा

एक सकाळ तुमच्या अंगणवाडीत बसा. पोरांनी काय काय केले ते घरी येऊन लिहा. ते लिहिलेले वर्गात वाचून दाखवा.